थोरल्या दिरांनी स्टेशनावरून आणलेला पाहुणा

ये, अशी जवळ सरक. कागदावरून कसली जवळ येतेस म्हणा, पण आधी रागावून घेते, मग बाकीचं. तुझं पत्र पोचलं. त्यात लिहिलंयस, मुंबईला बिऱ्हाड थाटून चार वर्षं झाली तरी शेजारच्या खोलीत कोण राहतं ते ठाऊक नाही, त्यामुळं कसं अगदी निवांत आहे. निवांत म्हणे! अगं, आपण कुणाची नात एवढं तरी ध्यानात ठेवायचंस. सबंध सोलापूर शहर म्हणजे आपल्या गावाची, जेऊरचीच एक लांबलेली गल्ली, असं समजून ज्यानं तीस वर्षं काढली आणि ज्याला उभ्या जन्मात परका माणूस म्हणून भेटलाच नाही, त्याची तू नात. ते गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस, म्हणून निम्मा गुन्हा माफ. उरलेल्या निम्म्यासाठी हे सगळं शेवटपर्यंत वाचायचं.

तुझे आजोबा म्हणजे माझे थोरले दीर. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा राज्य इंग्रजाचं होतं आणि शहर गिरणीच्या भोंग्याचं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मी पाटावरून उठून माजघरात पळाले होते. माझं माहेर टेंभुर्णीकडचं, पण ते नावाला. मानमोडी तापाच्या साथीत आई आणि वडील एका आठवड्यात गेले, चुलत्यांनी वाढवलं आणि चौदाव्या वर्षी उजवून हात झटकले. सासरी छळ नव्हता, जाऊबाई तोंडानं फटकळ पण हातानं मायेच्या. तरी इतक्या घरांच्या शहरात आपण नाहीसे झालो तर दोन दिवसांनी कुणाला आठवण येईल, असं मला दळता दळता वाटायचं. हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही. दिरांसमोर तर बोलायचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरासमोर पदर सावरून भिंतीला टेकायचं आणि जे काय सांगायचं ते जावेच्या तोंडून. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी माझा आवाज कसा आहे हे दिरांना माहीत नव्हतं.

त्यांच्या आवाजाचं मात्र तसं नव्हतं. गिरणी घरापासून दहा मिनिटांवर, पण दीर निघायचे तासभर आधी, कारण वाटेत सगळ्यांची चौकशी व्हायची असे. नळावरच्या बायकांना, "काय गं, पाणी कमी सोडलं व्हय आज?" न्हाव्याला, "तुझ्या म्हातारीचा गुडगा कसा हाय?" आणि समोरून एखादा अगदीच अनोळखी आला तर त्याचा हात धरून, "कुणाचा रं तू? कुटल्या गावचा?" माणूस बिचकायचा. गावात असं विचारलेलं चालतं, शहरात खिसे चाचपतात. जाऊबाई म्हणायच्या, "आवो, लोकांस्नी आवडत न्हाय. वळख ना पाळख." त्यावर दिरांचं उत्तर ठरलेलं: "वळख काय झाडाला लागती? इचारली की झाली!"

दाराला दिवसा कडी लावलेली त्यांना खपायची नाही. "घरात काय मयत झालंय व्हय दार लावायला?" असं ते म्हणायचे. एकदा उघड्या दारातून एक शेळी सरळ चुलीपर्यंत आली आणि भाकरीसाठी काढलेलं परातभर पीठ खाऊन वर माझ्याकडे बघत उभी राहिली. जाऊबाईंनी लाटणं उचललं. दीर म्हणाले, "थांब, मुक्या जिवाला मारू नको, आधी ही कुणाची ते बघू." शेळीचा कान धरून ते तीन गल्ल्या हिंडले, धनी शोधला, त्याच्या ओसरीवर बसून चहा प्याले, त्याच्या मुलीच्या सोयरिकीची चौकशी केली आणि दिवे लागायच्या वेळी त्याच शेळीचं तांब्याभर दूध घेऊन हसत आले. पिठाचं त्यांना काहीच नाही. "चला, त्या घरची वळख झाली!"

आणि लग्नं! आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू विणकऱ्यांची, दिवसभर मागाचा खटखट आवाज. त्यांच्यात लग्न निघालं की आमंत्रणाची वाट न बघता दीर पटका बांधून पहिल्या रांगेत. एका लग्नात वराकडचे आणि वधूकडचे कशावरून तरी जुंपले. भांडण तेलुगूत. दिरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण हे मध्ये उभे राहून एकदा इकडे वळून "तुमचं बी बराबर हाय" आणि एकदा तिकडे वळून "तुमचं बी बराबर हाय" असं म्हणत राहिले. शेवटी दोन्हीकडचे दमले, हसायला लागले आणि नारळ यांच्या हातात ठेवला. तेव्हापासून गल्लीत कुणाचंही काही बिनसलं की "मामाला बोलवा." गल्लीचे ते मामा झाले.

पण त्यांचा मोठा कार्यक्रम रविवारी. गिरणीला सुट्टी, आणि दीर स्टेशनावर. जेऊरकडून येणाऱ्या गाडीतून आपल्या भागातलं कुणी उतरतंय का ते बघायला. उतरलेला माणूस धोतर-पटक्याचा असला, बगलेत गाठोडं असलं आणि गर्दी बघून त्याची मान जराशी आखडली की तो यांचा. घरी आणायचा, जेवू घालायचा, गावच्या विहिरीला पाणी किती, पाटलाच्या बैलाचं काय झालं, सगळं विचारून घ्यायचं आणि मग जायचं त्या ठिकाणी नेऊन सोडायचं. रविवारी आम्ही दोन भाकरी जास्तच थापायचो. "शहरात माणूस उतरला आन् त्याला 'ये' म्हणायला कुणी नसलं, तर त्ये शहर कसलं, त्यो बाजार," असं ते म्हणायचे.

अशाच एका रविवारी त्यांनी एक म्हातारा आणला. वाळलेला, उंच, डोळे लाल. येताना दीर पुढं आणि म्हातारा मागं, वरातीसारखे आले. झालं असं होतं, की स्टेशनावर दिरांनी नेहमीसारखं विचारलं, "रामराम पाव्हणं! वळखलं का?" आणि म्हातारा म्हणाला, "न वळखायला काय झालं!" आता हे तुला कळायचं नाही. आपल्याकडं पाहुण्याला "तुम्ही कोण?" विचारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. लग्नाकार्यात एकदा पाहिलेला सोयरा ओळखला नाही तर तो दहा वर्षं मनात ठेवतो. म्हणून दोघांनी एकमेकांना बेधडक ओळखलं. घरी आल्यावर दीर आत येऊन जाऊबाईंच्या कानाशी लागले, "तुज्या म्हायेरकडचं हाईत, नीट वाढ." जाऊबाईंना वाटलं, नवऱ्याच्याच आत्याकडचे असतील, आणि आपण ओळखलं नाही म्हणून हे उलटं टोचून बोलतायत. त्याही म्हणाल्या, "मला काय ठाव न्हाय व्हय!" झालं. सगळ्यांनी ओळखलं आणि कुणालाच माहीत नाही.

पाणी पुढं केलं. म्हाताऱ्यानं हात जोडले. ताट वाढलं, त्यानं पुन्हा हात जोडले. "नगं, पोट भरल्यालं हाय." दिरांनी आग्रह केला, शपथा घातल्या, हात धरला. म्हातारा उठून गाठोडं घेऊन कोपऱ्यावरच्या नळापाशी गेला, गाठोड्यातली वाळकी भाकरी तिथं उभ्यानं खाल्ली, नळाचं पाणी ओंजळीनं प्याला आणि परत येऊन भिंतीला टेकून बसला. दिरांचा चेहरा एवढासा झाला. पाहुणा रुसलाय! मान चुकला कुठंतरी. कधी, कुठल्या लग्नात, काय कमी पडलं ते आठवत ते अंगणात फेऱ्या घालू लागले. संध्याकाळी पिठलं केलं, वर तूप घातलं. म्हाताऱ्यानं हात जोडले. पाहुणा जेवेना म्हणून दीर जेवेनात, दीर जेवेनात म्हणून जाऊबाई जेवेनात, जाऊबाई जेवेनात म्हणून मी. आमचे हे तेवढे परगावी गेले होते म्हणून सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मी अंगण झाडत होते. म्हातारा ओट्यावर बसून घरातल्या प्रत्येक दाराकडे बघत होता. आत कुणी खोकलं की मान वळवायचा, पुन्हा खाली घालायचा. मी जवळून जाताना त्यानं अगदी हळू विचारलं, "पोरी, येवढं एक सांग. कवा गेली ती?"

"कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माजी चंद्रा." त्यानं गाठोडं जवळ ओढलं. "कालपासनं बगतोय. समदी गोडगोड बोलत्यात, तूप वाढत्यात, पर तिचं नाव कुणी काढंना. आजारी हाय म्हून कारड आलं व्हतं. मी काय समजत न्हाय व्हय? सांग. कवा गेली?"

माझ्या हातातली केरसुणी तिथंच राहिली. जे कालपासून घरातल्या मोठ्यांनी विचारलं नव्हतं ते मी, कालची पोर, विचारून बसले. "बाबा, तुमी कुणाकडं आलाय?"

"कुणाकडं म्हंजे? जावयाकडं. त्येचा थोरला भाऊ नव्हं का मला टेशनातनं घिऊन आला? लगनात पागुट्यात बगितलेला मी."

मग मी जे ओरडले, ते दिरांनी ऐकलेलं माझं पहिलं बोलणं. "आवो, बाहेर या! हे आपले नव्हंत! हे लेकीकडं आलेत!"

दीर तोंडात राखुंडी घेऊनच बाहेर आले. प्रकार कळायला त्यांना दोन क्षण लागले. मग ते म्हाताऱ्याचे दोन्ही खांदे धरून गदगदा हलवायला लागले. "आरं बाबा, ह्ये तुज्या लेकीचं घरच न्हवं! आमच्या घरात चंद्रा नावाची कुणी नव्हतीच, तर मरंल कशी? जित्ती असंल ती! जित्ती!" म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "ह्ये माज्या लेकीचं घर न्हाय?" "न्हाय!" "खरंच न्हाय?" "आयची आन न्हाय!" तेव्हा त्यानं मान फिरवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मंग आण की गं पाणी!" भरलेला तांब्या त्यानं एका दमात वर केला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरच्या पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही, ही जुनी रीत तुम्हा मुलींना माहीत नसेल. तो रुसला नव्हता. तो बाप होता, एवढंच. जाऊबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की रडत, ते मला पाठमोरं कळलं नाही.

भोंगा झाला, दीर हलले नाहीत. खाडा पडला तर पडू दे. आता चंद्रा शोधायची. कारड गावीच राहिलेलं. हाताशी काय, तर जावई गिरणीत कामाला आणि घरापाशी लिंबाचं झाड. सोलापुरात गिरणीतला जावई नाही असं घर नव्हतं आणि लिंब नाही अशी गल्ली. म्हातारा घाबरला होता. जिवंत असेल म्हणजे असेलच असं नव्हे, शिवाय आणखी एक दिवस गेला होता. त्यानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, "ही पोर चलू द्या संगं." जाऊबाईंनी मान हलवली. लग्न झाल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा सोलापूरचे रस्ते पाहिले.

दारातच शेजारची विणकरीण मागावरून उठून आली. "येमैंदी, काय झालं मामा? सकाळी सकाळी कुठं?" दिरांनी सांगितलं. तिनं तिच्या नवऱ्याला हाक मारली, त्यानं पलीकडच्या मागवाल्याला. कोपऱ्यावर न्हावी अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. शेळीवाला आला. मी पदराआडून बघत होते. ज्या ज्या माणसाचा हात धरून दिरांनी कधीकाळी "कुणाचा रं तू?" म्हणून जीव नकोसा केला होता, तो तो माणूस विचारत होता, "काय झालं मामा? कुणाला हुडकताय?" चौकात टांगेवाला भेटला. त्याला दीर रोज त्याच्या घोड्याची तब्येत विचारायचे. म्हाताऱ्याला बघून त्यानं कपाळावर हात मारला. "अरे मामू! ये बुड्ढा तुमारे पास है? कल से एक पोरगा टेसन पे रोता फिर रहा, मेरा ससुरा गुम गया बोलके! शाम को मैंच घर छोड्या उसकू. बैठो, बैठो!"

टांग्यात बसायला जेवढा वेळ लागला, त्याच्या आतच उतरायची वेळ आली. आमच्या घरापासून चार गल्ल्या. दारात लिंब. दारातच वाकळेवर एक मुलगी बसली होती, हिवतापानं चिपाड झालेली, केस विस्कटलेले. म्हाताऱ्याला बघून ती उठायला गेली, तिला उठवेना. मग तिथूनच रागावली, "बा, कुटं व्हतासा कालपासनं?"

म्हातारा उंबऱ्याबाहेरच खाली बसला. पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "लई लांब व्हतो, बाई."

मी दिरांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे खूश असतील. ते बोटांवर गल्ल्या मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. "किती वर्सं झाली हितं ऱ्हाऊन?" त्यांनी जावयाला विचारलं. "दोन," तो म्हणाला. दीर वाटेतली दारं मोजत घरी आले. घरात शिरताना स्वतःशीच म्हणाले, "दोन वर्सं. चार गल्ल्यांवर पोर आजारी पडती, आन् मला ठाव न्हाय." पुढच्या आठवड्यापासून ते गिरणीला दोन तास आधी निघायला लागले. त्यात चंद्राच्या गल्लीचीही चौकशी आली. ती चांगली बरी झाली. ही गोष्ट ते पुढं सांगतच राहायचे, त्यात स्वतःची शाबासकी कधीच नसायची, एकच हळहळ: "पाव्हणा माज्या दारात तीन येळा उपाशी ऱ्हायला."

चार दिवसांनी म्हातारा गावी निघाला तेव्हा आमच्या घरी आला. मी पळत पाणी आणलं. त्यानं तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "न्हाय पोरी. आता हितलं पाणी मला चालायचं न्हाय." आणि कोपऱ्यावरच्या नळाकडे चालू लागला. मी तांब्या धरून दारात उभी राहिले. जाऊबाई आतून ओरडत होत्या, "काय गं, रुसले का पुन्यांदा?" माझं माहेर रस्ता ओलांडून नळावर पाणी पीत होतं.

दरसाल तो यायचा, सुगीनंतर, शेंगांचं बोचकं घेऊन. पण आमच्या घरचं काही घ्यायचा नाही. दिरांना हे सोसायचं कसं? त्यांनी तोड काढली. स्वयंपाक मी आमच्या चुलीवर करायचा, ताट झाकून विणकरणीच्या ओसरीवर न्यायचं आणि म्हाताऱ्यानं तिथं बसून जेवायचं. "तिचा उंबरा वलांडला की अन्न तिचं झालं," असा निवाडा दिरांनी दिला, आणि "तुमचं बी बराबर हाय" म्हणत म्हातारा मांडी घालायचा. विणकरीण त्यात भर म्हणून आपल्या हातचं आंबट वरण वाढायची. मी आमच्या दारातून बघायची. त्यानं कुठली भाजी दुसऱ्यांदा घेतली, ते मला दहा पावलांवरून दिसायचं. मला मूल झालं नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून मरेपर्यंत त्यानं माझ्या घरच्या पाण्याला तोंड लावलं नाही. पाहणाऱ्याला वाटायचं, केवढा दुरावा! मला मात्र तेवढ्यावर जन्म काढता आला.

तुझे आजोबा दर दिवाळीला म्हणायचे, आता पुरे शहर, गावाकडं जाऊन ऱ्हाणार. गिरणीतून मोकळे झाल्यावर खरंच जेऊरला गेले. आम्ही भांडीकुंडी बांधून दिली, सगळी गल्ली स्टेशनावर रडली. आठव्या दिवशी परत. काय झालं, कुणी विचारायचं धाडस केलं नाही. मीच विचारलं, तोपर्यंत मला सवय झाली होती. ओट्यावर बसून पायाची धूळ झाडत म्हणाले, "गाव चांगलं हाय. पर माज्या वारगीचं, माज्या वयाचं कुणी ऱ्हायलं न्हाय गं. वाटंनं तिघं भेटली. तिघांनीबी इचारलं, म्हातारबा, कुणाकडं आलाय?" मग त्यांनी पलीकडच्या ओसरीवर बसलेल्या विणकरणीला हाक मारली, "काय गं, बरी हाईस न्हवं?" तिनं आतून काहीतरी तेलुगूत सुनावलं. त्यांना ते आता कळत होतं. खूप वेळ हसत बसले.

ते नाहीत, जाऊबाई नाहीत, माग तर कधीचेच थांबले. गल्लीत नवीन माणसं आलीत. मी सकाळी उठून चौकशा करायचा प्रयत्न करते, पण माझा आवाज त्यांच्यासारखा पोचत नाही आणि गुडघे चौथ्या गल्लीपर्यंत जात नाहीत. दुपारी तीन वाजता घर फार मोठं वाटतं. ज्वारी हुरड्यात आली आहे, शेंगांची चटणी कुटून ठेवली आहे. नवऱ्याला सुट्टी मिळेना तर त्याला तिथंच ठेव, तू ये. तारीख कळवू नकोस, कळवलीस तर मी त्या दिवसापर्यंत नुसती दाराकडं बघत बसेन. अशीच एखाद्या दिवशी ये, आणि लवकर ये, पोरी.